पेवातला अर्धा नाग

विरुपाक्षाच्या तोंडातून ते बाहेर आलं तेव्हा रुद्रम्माचे हात पिठात होते. पाच वर्षांचं पोर, तापानं फणफणत चुलीशेजारी पोत्यावर पडलेलं. ते एकाएकी उठून बसलं, त्याला उमासा आला, आणि शिवकांतानं घाईघाईनं पुढं सरकवलेल्या राखेच्या टोपलीत जे पडलं ते अन्न नव्हतं, पाणीही नव्हतं. वीतभर लांब, ओल्या सुतळीइतकं जाड, फिकट गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळतं. राखेत पडल्यावर त्यानं अंग वळवलं. अगदी सावकाश, झोपेत कूस बदलावी तसं.

शिवकांता त्या पोराची मोठी बहीण. लोहारा गावातल्या शाळेत सातवीला. गुरुजींचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर, आणि घरी आल्यावर दिवसभर शिकलेलं सगळं अव्वाला, म्हणजे आईला, ऐकवल्याशिवाय हिला घास उतरायचा नाही. आरोग्याच्या पुस्तकातलं जंताचं चित्र तिला पाठ होतं. तिनं तोंड उघडलं ते हेच सांगायला. पण चित्रातला जंत बोटभर होता आणि कागदावर गप पडून असायचा. हा हलत होता. हा तिच्या भावाच्या आतून आला होता. उत्तर येत असूनही तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

रुद्रम्मानं पिठानं भरलेले हात तसेच जोडले.

"आलास," ती टोपलीला म्हणाली. "आलास का बाबा."

मग तिनं त्याच्यावर हळद टाकली, कुंकू टाकलं आणि तांब्याच्या वाटीत दूध ठेवलं. ते दुधाकडं काही गेलं नाही. राखेत वळवळत राहिलं आणि भाकरी तव्यावर करपून गेली तेव्हा केव्हातरी थांबलं. संध्याकाळी अप्पा, म्हणजे पोरांचे वडील कल्याणप्पा, शेतातून आले. त्यांनी टोपलीत पाहिलं, खांद्यावरचं उपरणं तोंडाशी धरलं आणि टोपली उचलून बाहेर गेले. कुठं नेली ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

कारण घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं हे कुठून आलं ते. परसात, काट्यांच्या कुपाटीपलीकडं त्यांचं जुनं पेव होतं. जमिनीच्या पोटात माणूस उभा राहील एवढा खोल खड्डा, वरून तोंड लिंपलेलं, आत ज्वारी. त्या साली श्रावणात पावसानं अशी झड धरली की पेवात पाणी मुरलं. आतून आंबूस वास यायला लागला. कल्याणप्पांनी वाट पाहिली, पाहिली, आणि नेमकं नागपंचमीच्या दिवशी कुदळ घेतली. पंचमीला जमिनीला लोखंड लावत नाहीत, हे काय कुणाला सांगायला पाहिजे? त्या दिवशी बाया विळीवर भाजीसुद्धा चिरत नाहीत. पण वर्षाची ज्वारी डोळ्यांदेखत सडत होती. त्यांनी घाव घातला आणि कुदळीखाली नाग सापडला. दोन तुकडे झाले. शेपटीकडचा वर तडफडत राहिला. फण्याकडचा पेवात उतरला.

ज्वारी सगळी उपसली. दोरीला कंदील बांधून आत सोडला. कोपरान्‌कोपरा पाहिला. फणा सापडला नाही तो नाहीच.

आणि पंचमीनंतरच विरुपाक्षाचं पोट वाढायला लागलं. तसं ते आधीही जरा मोठंच होतं, पण आता हातपाय काटक्या आणि पोट हे एवढं. दुपारी झोपला की दात खायचा, करकर, करकर, अंगणापर्यंत ऐकू यायचं. रुद्रम्मानं मनाशी जे जुळवायचं ते जुळवलं होतं. टोपलीत पडलं ते पाहून तिची खात्रीच पटली.

शेजारच्या शरिफाबीला हे कळलं तशी ती हातातलं काम टाकून आली. पोराचं पोट चाचपलं आणि तिथंच बसून म्हणाली, "अगं रुद्रम्मा, जंत हायेत हे. माझ्या लेकाला, सरदारला, न्हवते का पडले? पळसपापडी कुटून गुळातून दे, सगळे मरून पडतील बघ."

"मारू?" रुद्रम्मा म्हणाली. "एकदा मारलं ते पुरं न्हाय झालं? आता पोराच्या पोटात मारू?"

"अगं पर नाग न्हाय तो."

"तुझ्या सरदारच्या घरी पेव उकरलं व्हतं का पंचमीला?"

शरिफाबीनं पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. ती उठली, जाताना शिवकांताच्या पाठीत एक बुक्की घालून म्हणाली, तू शाळा शिकतीस ना गं, मग आईला शिकव की काहीतरी. शिवकांताला ते फार लागलं. तिनं त्याच संध्याकाळी पुस्तक आणून आईपुढं धरलं. रुद्रम्मानं चित्र पाहिलं, बोटानं त्याची लांबी मोजल्यासारखं केलं आणि पुस्तक मिटून परत दिलं. ह्यो ल्हान हाय, एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून घरात एक माणूस जास्त झाल्यासारखं झालं. सकाळी आधी त्याचं दूध, मग बाकीच्यांचं. लाह्या आणि गूळ. पोराला खाली निजवून रुद्रम्मा त्याच्या पोटाला हळद लावायची आणि पोटाशी वाकून बोलायची. चुकलं आमचं, पदरात घ्या, लेकराला सोडा, पाहिजे तितके दिवस ऱ्हावा पर त्याला जगू द्या. आणि दिवेलागणीच्या आधी पेवाच्या तोंडची चिमूटभर माती पोराच्या जिभेवर ठेवायची. जिथं गुन्हा झाला तिथली माती खाऊन माफी मागायची, असं तिच्या माहेरी करत असत. माती आणायचं काम शिवकांताकडं होतं. कुपाटीवरून उडी मारायची, पाय कुठं पडतो ते बघायचं, चिमूट उचलायची आणि मागं न पाहता यायचं.

शिवकांता माती आणायची, आणि मनात म्हणायची, जंतच आहेत, मला माहीत आहे. पण हळद लावलेल्या पोटाकडं पाहवत नसे. ताणलेल्या कातडीखाली काहीतरी सरकायचं. एका बाजूला फुगवटा यायचा, गुरगुर व्हायची आणि फुगवटा दुसरीकडं जायचा. विरुपाक्ष त्या वेळी रडायचा नाही. मान कलती करून ऐकत बसायचा. दाराबाहेरून कुणी हाक मारतंय असं ऐकत बसावं, तसा.

"त्याला भूक लागलीया," असं म्हणायचा मग.

"तुला का त्याला?" शिवकांतानं एकदा विचारलं.

"त्याला. मला न्हाय लागत आता."

आणि एकदा ती त्याच्याशेजारी बसून पाढे म्हणत होती तर तो तिच्याकडं टक लावून बघत म्हणाला, "अक्का, तू गप ऱ्हा. त्याला तुझा आवाज आवडत न्हाय."

शिवकांता गप झाली. तिचा आवाज आख्ख्या शाळेला आवडायचा, पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली तिलाच उभी करायचे. पण त्या दिवशी तिनं पाढे मनात म्हटले आणि मनातसुद्धा हळू म्हटले.

पोर वाळत चाललं. मांडीची कातडी लोंबायला लागली, ओठ पांढरे पडले, उभं राहिलं की भिंत धरायचं. रुद्रम्माचं दूध आणि गूळ कुठं जात होते ते कुणालाही दिसलं असतं. एके सकाळी तो आपणहून उठलाच नाही. डोळे उघडे, पण हाक मारली तर ओ नाही. मग बऱ्याच वेळानं उठला. नाग असो की जंत, पोर आता वाचत नाही, एवढं त्या सकाळी शिवकांताला कळलं.

अप्पा मुगाची पोती घेऊन उमरग्याला आडतीवर निघाले होते. ती शाळेचं दप्तर घरी टाकून त्यांच्या मागं लागली. मलाही यायचंय. कशाला? डॉक्टरकडं. अप्पांनी नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. ट्रक आला तेव्हा त्यांनी पोती चढवली आणि शेवटी तिला बखोटीला धरून पोत्यांवर बसवलं. वाटभर रस्त्याकडं पाठ करून बसले. पंचमीपासून ते असेच होते.

उमरग्यात मोटार थांब्याच्या मागं गफार डॉक्टरांचा दवाखाना होता. निजामाच्या वेळी हैदराबादला शिकलेले, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, भिंतीवर उर्दूतली सनद. अप्पा दारातल्या बाकड्यावर बसले ते बसलेच. आत या म्हटलं तर त्यांनी मान हलवली. आत कुणीतरी विचारेल, मग पेवाचं सांगावं लागेल, याची त्यांना धास्ती. मग शिवकांता एकटीच आत गेली. वाटेत ट्रकवर तिनं सगळं जुळवून ठेवलं होतं, पहिलं हे सांगायचं, मग ते. प्रत्यक्षात सगळं एका दमात आणि उलटंसुलटं बाहेर पडलं. नागापासून टोपलीपर्यंत.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पोट दाबलं तर कसं लागतं, बेटी? कणकेसारखं का दगडासारखं?"

"कणकेसारखं. आत सुताचा गुंडा असल्यासारखं लागतं."

"परसाकडला होते? वारा सरतो?"

होतं, ती म्हणाली. त्यांनी मान डोलवली. पोट दगड झालं, वारा बंद झाला, सारखी उलटी व्हायला लागली, तर औषधाची बाटली बाजूला ठेवायची आणि पोराला उचलून थेट सोलापूरला न्यायचं, हे त्यांनी तिच्याकडून वदवून घेतलं. मग त्यांनी विचारलं, पोरगा माती खातो का.

"तो खात न्हाय," शिवकांता म्हणाली. "आमी देतो."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. कुठली माती, का देता, कोण आणतं, एकेक करून विचारलं. आणि सगळ्यात शेवटी, तिथं गल्लीतली पोरं परसाकडला बसतात का?

बसत होती. पेव उकरून ठेवल्यापासून तिथं खळगा झाला होता, कुपाटीचा आडोसा होता, सगळी तिथंच बसायची. विरुपाक्षसुद्धा. शिवकांता उडी मारताना पाय कुठं पडतो ते बघायची ते त्याचसाठी. डॉक्टर शांतपणे सांगत होते की जंताची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, विष्ठेतून मातीत जातात, मातीत महिनोन्‌महिने राहतात, तिथून हाताला, हातातून तोंडात, आणि पोटात गेली की फुटतात. पहिले जंत आधीचेच असतील, पण ही माती चालू ठेवली तर पोट कधी रिकामं होणार नाही. ती ऐकत होती आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासली जात होती. चिमूट उचलायची तीच बोटं.

डॉक्टरांनी कपाटातून नारिंगी पातळ औषधाची बाटली काढली. किती द्यायचं ते कागदाची पट्टी चिकटवून दाखवलं. शिवकांतानं बाटली घेतली आणि तिथंच उभी राहिली.

"ह्यानं ते मरतात का?"

"सगळे विचारतात, नक्की मरतात ना," डॉक्टर म्हणाले. "तू का अशी विचारतेस, मेले तर वाईट होईल असं?"

"माझी अव्वा मारू देणार न्हाय."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मग तिला सांग, ही दवा मारत नाही. जंत आतड्यात जोर लावून टिकून राहतो. ह्यानं तो लुळा पडतो, गुंगल्यावाणी. जोर गेला की वाहत बाहेर येतो. पुष्कळदा जिवंतच येतो."

"पुन्हा सांगा," शिवकांता म्हणाली. "जिवंत?"

"जिवंत."

घरी आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं, मातीचंही. मातीचं रुद्रम्मानं ऐकलं न ऐकलं केलं. औषधानं मरत नाहीत, हे मात्र तिनं परत परत विचारलं. मग ती शिवकांताचा हात धरून म्हणाली, "लिंगाला हात लावून सांग."

शिवकांतानं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "मरणार न्हाईत, अव्वा. गुंगतील आणि भाईर येतील."

रुद्रम्मा विरुपाक्षाशेजारी आडवी झाली आणि तिनं त्याच्या पोटाला कान लावला. दारातून तिरपं ऊन आत आलं होतं. अप्पा उंबऱ्यात उभे होते. आत गुरगुर झाली, थांबली, पुन्हा झाली. ती किती वेळ ऐकत होती कोण जाणे. उठली तेव्हा तिच्या गालाला हळद लागली होती. दे, म्हणाली.

शिवकांतानं औषध वाटीत काढलं. विरुपाक्षानं तोंड घट्ट मिटलं. गोड आहे, नारिंगी आहे, तिनं सांगून पाहिलं. तो मान कलती करून ऐकत होता, तिचं नव्हे.

"तो नको म्हणतोय," तो म्हणाला.

रुद्रम्माचा हात झटकन पुढं आला आणि वाटीवर आडवा झाला. अप्पा उंबऱ्यातून एक पाऊल मागं सरले. शिवकांताला कळलं, आता ही वाटी खाली ठेवली तर पुन्हा कधी उचलता येणार नाही. शाळेत शिकलेलं काहीही इथं उपयोगाचं नव्हतं. मग तिनं कधी केलं नव्हतं ते केलं. गुडघ्यावर बसली, त्या पोटाशी वाकली आणि वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

"ऐका. तुमाला आमी मारत न्हाई. कुदळ न्हाय, लोखंड न्हाय. तुमाला भाईर न्यायला आलोय. हितं अंधार हाय, जागा न्हाय, आन् लेकरू मेलं तर तुमीबी आतच ऱ्हाल. म्या शब्द देते."

बोलताना तिच्या मानेवरचे केस उभे राहिले होते. कारण तिच्या तोंडाखाली, अगदी बोटभर अंतरावर, कातडी हळूच वर आली आणि खाली गेली. नंतर शरिफाबीला तिनं सांगितलं की आतला वारा असेल. त्या वेळी तिला तसं वाटलं नव्हतं.

विरुपाक्ष ऐकत राहिला. मग त्यानं तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ते आले. रुद्रम्मानं अंगणात मातीची परात ठेवून त्याला वर बसवलं होतं, पाठीमागून धरून. पहिला एकटा आला. मग जे आलं ते मोजण्यासारखं नव्हतं, एकात एक गुंतलेलं, ओल्या दोऱ्यांच्या लडीसारखं, आणि ती लड जिवंत होती. दमल्यासारखी, झोपाळल्यासारखी हलत होती. पोराला कळ आली तशी त्यानं आईचे दंड ओरबाडले. शिवकांता समोर बसून त्याचे गुडघे धरून होती. तोंड फिरवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. फिरवलं नाही. पण परातीतून येणारा तो बारीक, चिकट आवाज पुढं कितीतरी दिवस कणीक मळताना तिला ऐकू यायचा.

सगळं झाल्यावर विरुपाक्षाला धुऊन निजवला. पोट बसलं होतं. दुपारी तो उठला आणि भाकरी मागितली. स्वतःसाठी मागितली.

रुद्रम्मानं परातीवर पळसाची पानं झाकली आणि शिवकांताला म्हणाली, चल. शब्द दिला होता तो पाळायचा होता. शेताच्या बांधावर वारूळ होतं, कमरेइतकं उंच, नागाचं घर म्हणून गावातलं कुणी त्याला हात लावत नसे. तिथं तिनं परात वाकडी केली, ते सगळं वारुळाच्या भोकाशी ठेवलं, शेजारी दुधाची वाटी ठेवली आणि पदर डोक्यावर घेऊन हात जोडून बसली. जावा, म्हणाली. घरला जावा.

त्या दोघी बसून राहिल्या. ऊन कललं. ते भोकापासून टीचभर अंतरावर पडले होते. एकही भोकाकडं वळला नाही. हळूहळू वळवळत होते, पण कुठं जायचं ते त्यांना ठाऊक नसल्यासारखे, एकमेकांतच. त्यांना फणा नव्हता. डोळे नव्हते. कोणतं टोक तोंडाचं आणि कोणतं शेपटीचं तेही कळत नव्हतं. मुंग्यांना वास लागला. वारुळातून रांग आली आणि जिथं नागाचं घर म्हणायचे तिथून मुंग्या त्यांना ओढायला लागल्या. ते ओढू देत होते.

रुद्रम्माचे जोडलेले हात केव्हा सुटले ते शिवकांताला दिसलं नाही. तिचं लक्ष आईच्या चेहऱ्याकडं होतं. आई पुढं वाकली, काडीनं एकाला उलटं केलं, पुन्हा उलटं केलं. भाजीतली अळी पाहावी तसं नीट, जवळून पाहिलं.

"ह्यो नाग न्हाय," ती म्हणाली.

इतके दिवस शिवकांताला हेच ऐकायचं होतं, आणि आता ऐकल्यावर अंगावर काटा आला.

"मग येवढे दिवस म्या दूध कुणाला पाजलं?"

वाऱ्यानं तुरी हलल्या. रुद्रम्मा उठली, बांधाशी पडलेलं खुरपं घेतलं आणि वारुळापासून लांब जाऊन खड्डा खणायला लागली. खोल, कोपरापर्यंत. सगळं खरडून त्यात लोटलं, परात फोडून वर टाकली, माती लोटली, पायानं दाबली. मग विहिरीवर जाऊन हात धुतले. माती लावून धुतले, मग थबकली, हातातल्या मातीकडं पाहिलं, ती टाकली आणि राख शोधायला लागली. शिवकांतानं पाणी ओतलं.

घराकडं निघाल्यावर ती पुढं आणि शिवकांता मागं. नाल्याशी आल्यावर रुद्रम्मा वळून न पाहता थांबली.

"बाटलीत किती उरलंय गं?"

"हाय थोडं. का?"

रुद्रम्मा मान जरा कलती करून उभी होती, आणि तिचा ओला हात लुगड्यावरून तिच्या स्वतःच्या पोटावर टेकलेला होता.